भूमध्य समुद्राकाठची फुलपाखरं : उन्हाळा झोपून काढणारी

ऑलिव्हखाली | १२ जुलै, दुपारी ३:१०

नमस्कार मंडळी. बार्सिलोनापासून तासाभराच्या अंतरावर, डोंगराच्या पायथ्याशी राहते. इथे कातालोनियात १९९४ पासून फुलपाखरं मोजण्याचं मोठं काम चालू आहे. मार्च ते सप्टेंबर असे ३० आठवडे, दर आठवड्याला ठरलेल्या वाटेनं सावकाश चालायचं. वाटेच्या दोन्ही अंगांना मिळून पाच मीटरच्या पट्ट्यात जे फुलपाखरू दिसेल त्याचं नाव आणि संख्या टिपायची. त्यातली एक वाट गेली काही वर्षं माझ्याकडे आहे.

पहिल्या वर्षी मी फार गोंधळले होते. मे महिन्यात तासाभरात दोन पानं भरत होती. जुलैत ऊन कडक, आकाश निरभ्र, आणि कागद जवळजवळ रिकामा. मला वाटलं, माझंच काही चुकतंय. सोबतच्या आजी म्हणाल्या, "अगं, त्या इथेच आहेत. उन्हात बघू नकोस, झाडाखाली बघ." होल्म ओक म्हणजे इथला सदाहरित ओक, पानं जाड आणि काटेरी. त्याच्या दाट सावलीत वाकून पाहिलं तर पाचोळ्यावर पंख मिटून बसलेल्या मेडो ब्राउन नावाच्या फुलपाखराच्या माद्या! तपकिरी रंग पाचोळ्यात पूर्ण मिसळलेला. पाऊल अगदी जवळ पडलं की एखादी दोन हात उडायची आणि पुन्हा सावलीतच बसायची.

ही फुलपाखरं मे-जूनमध्ये कोषातून बाहेर येतात. मीलन लगेच होतं. नर थोड्याच दिवसांत मरतात. माद्या मात्र अंडी घालत नाहीत. त्यांच्या पोटात अंडी तयारच होत नाहीत, ती वाढ थांबलेली असते. सगळा उन्हाळा त्या सावलीत काढतात आणि सप्टेंबरात गारवा आला की मग अंडी घालतात. कारण साधं आहे. यांच्या अळ्या गवत खातात, आणि इथलं गवत जूनमध्येच वाळून पिवळं होतं. पाऊस शरद ऋतूपासून वसंतापर्यंत. जून ते ऑगस्ट म्हणजे आपल्याकडचा एप्रिल-मे, आणि पाठोपाठ मृग नाही! इंग्लंडातली हीच मेडो ब्राउन अशी झोपत नाही, कारण तिथे उन्हाळाभर गवत हिरवं असतं.

सगळ्यांनाच झोपायची सोय नाही. क्लिओपात्रा नावाचं लिंबू रंगाचं फुलपाखरू आहे, नराच्या पुढच्या पंखांवर केशरी डाग. ते जूनमध्ये बाहेर येतं, ऊन वाढलं की डोंगरात वर चढतं, गारव्याला परततं, हिवाळा सदाहरित झुडपांच्या पानांत लपून काढतं आणि वसंतात अंडी घालतं. प्रौढ फुलपाखराचं आयुष्य आठवड्यांत मोजायची सवय असलेल्या मला हे दहा-अकरा महिने ऐकून आश्चर्य वाटलं होतं.

धागा यासाठी काढला की आपल्यापैकी बरेच जण या भागात राहतात किंवा फिरून गेलेत. कुणी काय पाहिलं ते लिहा.

---

गवतफूल | १२ जुलै, रात्री ९:४५

ताई, सुंदर लिहिलंत. वाचनखूण साठवली. सातारा भागात फुलपाखरं बघते म्हणून एक विचारते. आपल्याकडची कुठली फुलपाखरं तिकडेही दिसतात का?

---

ऑलिव्हखाली | १३ जुलै, सकाळी १०:२०

दिसतात! प्लेन टायगर स्पेनच्या किनाऱ्यावर आहे. आपल्याकडे त्याची अळी रुईवर असते, इथे रुईच्याच कुळातल्या दुसऱ्या चिकाळ झाडांवर. इजिप्तमध्ये नेबामून नावाच्या प्राचीन लेखनिकाच्या थडग्यातल्या भित्तिचित्रात, सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीच्या, पाणवनस्पतींच्या दाटीत शिकारीच्या प्रसंगी हेच फुलपाखरू उडताना काढलंय. पंखांची काळी-पांढरी टोकं अगदी ओळखू येतात.

दुसरं म्हणजे पी ब्लू. तुमच्या तुरीच्या शेंगेत भोक पाडून आत दाणे खाणारी ती हिरवट अळी. तीच इथे बागेतल्या वाटाण्यात सापडते, आणि तिकडच्यासारख्याच मुंग्या तिच्याभोवती घुटमळतात, कारण ती अंगातून गोड रस देते. माझ्या वडिलांनी तुरीवर जिच्यासाठी फवारण्या केल्या तिला इथे वहीत नोंदवताना आत काहीतरी हलतं.

आणि एक नातेवाईक. टू-टेल्ड पाशा. तळहाताएवढं, वरून काळसर तपकिरी, कडेला केशरी पट्टा, मागच्या प्रत्येक पंखाला दोन शेपट्या. आपल्या ब्लॅक राजाच्या प्रजातीतलं युरोपात हे एकटंच. राजाची अळी चिंचेवर, पाशाची माद्रोन्यो नावाच्या झाडावर. त्याला स्ट्रॉबेरीसारखी लाल खरबरीत फळं येतात. दोघांच्याही अळ्या हिरव्या, डोक्यावर शिंगांचा मुकुट. पाशाची अळी ऐन हिवाळ्यात पानावर रेशमाची चटई विणून तिच्यावर बसून राहते. झाड सदाहरित असल्यामुळे तिला हे जमतं. फुलांवर तो फारसा येत नाही, त्याला आंबलेली फळं आवडतात. आणि टेकडीचा माथा धरून नर इतरांना असा हाकलतो की पाखरंसुद्धा सुटत नाहीत.

---

नीरजा०७ | १३ जुलै, रात्री ११:०५

मी दोन वर्षांपूर्वी ग्रीसच्या रोड्स बेटावर 'फुलपाखरांची दरी' पाहिली. पेतालूदेस म्हणतात. अरुंद घळ, मधून ओढा, लाकडी पूल, आणि सावली इतकी की बाहेरच्या ३६ अंशांतून आत गेल्यावर अंगावर काटा आला. आधी मला काहीच दिसलं नाही. मुलगी म्हणाली, "आई, झाडाची साल बघ." ती साल नव्हतीच. बुंध्यावर शेकडो पंख एकाला एक लागून बसलेले, काळ्यावर फिकट पिवळे पट्टे.

त्यातलं एक उडालं आणि आतला लाल-नारिंगी रंग दिसला. आमच्या मागच्या गटातल्या एकाने ते बघून जोरात टाळ्या वाजवल्या. क्षणात अख्खा खडक उठला आणि हवा नारिंगी झाली. खरं सांगते, त्या क्षणी मलाही ते फार सुंदर वाटलं. मग तिथला रखवालदार धावत आला आणि दोन्ही हात जोडल्यासारखे करून गप्प राहायला सांगू लागला. पाटीही होती, आवाज करू नका म्हणून. कारण नीट कळलं नाही, ते राहूनच गेलं. इथे कुणी सांगेल का?

---

ऑलिव्हखाली | १४ जुलै, सकाळी ९:३०

नीरजा, तुम्ही लिहिलंत म्हणून फार बरं वाटलं. माझ्या लेखी या सगळ्या विषयाचं मर्म त्या दरीत आहे.

पहिली गोष्ट, ती फुलपाखरं नव्हेत, पतंग आहेत. जर्सी टायगर. वसंतात बेटावरच्या झुडपांत त्याच्या अळ्या वाढतात. मेअखेर-जूनमध्ये पतंग निघतात तेव्हा बेट तापलेलं असतं. मग ते ओलावा शोधत ओढ्याच्या कडेकडेने सरकत या दरीत जमतात आणि सप्टेंबरपर्यंत तिथेच राहतात. तेवढ्या काळात जवळजवळ काही खात नाहीत. अंगात साठवलेल्या चरबीवर भागवायचं. ऑगस्टमध्ये मीलन, आणि मग माद्या अंडी घालायला दरी सोडून बेटभर पांगतात.

आता हिशेब करा. पुढचं जेवण नाही, शिदोरी ठरलेली. दिवसातून दहा गट आले आणि प्रत्येकाने एकदा टाळी वाजवली तर दहा उड्डाणं. प्रत्येक उड्डाण त्या शिदोरीतून. सप्टेंबरात अंडी घालायला जाण्याइतकं बळ उरत नाही. कित्येक वर्षं लोकांना तमाशा दिसावा म्हणून टाळ्या-शिट्ट्या वाजवण्याची तिथे चाल होती आणि पतंगांची संख्या घटत गेली. म्हणून आता आवाजाला बंदी. रखवालदार हात जोडत होता ते योग्यच होतं.

---

पाणकणीस | १४ जुलै, दुपारी १२:५०

नीरजाताई, त्या दरीतली झाडं कुठली होती ते पाहिलंत का? पानं पाच बोटांच्या तळव्यासारखी, बोटांत धरून चुरगाळली की सुवास? ते लिक्विडांबर ओरिएंटालिस. त्याच्या सालीतून निघणारा डिंक म्हणजे आपला शिलारस! काष्ठौषधींच्या दुकानात अजून मिळतो. आयुर्वेदाच्या ग्रंथांत त्याला तुरुष्क म्हटलंय, म्हणजे तुर्कांच्या मुलखातून आलेला. हे झाड नैऋत्य तुर्कस्तान आणि रोड्स एवढ्याच टापूत रानटी उगवतं.

मी वैद्यक शिकताना शिलारस हाताळला आहे. त्याच्या झाडावर पतंग उन्हाळा काढतात हे आज कळलं.

---

नीरजा०७ | १४ जुलै, दुपारी १:३०

हो हो, सुवास होता! मला वाटलं तिथे कुणी उदबत्ती लावलीय. _/\_ दोघांनाही. मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पुढच्या वेळी आपण मागच्या लोकांना आधीच सांगू.

---

सासवडकर | १४ जुलै, रात्री १०:१५

नमस्कार. मी वाचकच आहे, लिहीत नाही सहसा. पुरंदरात आमची अंजिराची बाग आहे, खट्टा आणि मीठा दोन्ही बहार धरतो. तुमच्या त्या समुद्राकाठी अंजीर मूळचं म्हणतात. पुण्याचं एक जुनं गिऱ्हाईक गेल्या वर्षी तुटलं. त्यांच्या घरी कुणीतरी मोबाइलवर पाहिलं की प्रत्येक अंजिरात मेलेली माशी असते, म्हणून त्यांनी खाणंच सोडलं. मी आयुष्यभर अंजीर फोडतोय, उंबरातली केंबरं अंजिरात कधी बघितली नाहीत. खरं काय ते सांगा. गिऱ्हाइकाला काय सांगू?

---

ऑलिव्हखाली | १५ जुलै, सकाळी ११:००

दादा, तुम्ही बरोबर आहात. सविस्तर सांगते.

अंजीर हे फळ दिसतं, पण ती आतून फुलं असलेली पिशवी आहे. इथे रानात दोन प्रकारची झाडं असतात. एक नर अंजीर, त्याला इथे बकऱ्यांचं अंजीर म्हणतात, खायच्या कामाचं नाही. दुसरं मादी अंजीर, आपण खातो ते. ब्लास्टोफॅगा नावाची दोन मिलिमीटरची गांधीलमाशीच्या जातकुळीतली माशी नर अंजिराच्या आत जन्मते. तिथले नर बिनपंखी. ते आतल्या आत माद्यांशी मीलन करून तिथेच मरतात, बाहेरचा उजेड बघतच नाहीत. मादी अंगाला पराग लावून बाहेर पडते. तिच्याकडे फार थोडा वेळ असतो. नवं अंजीर शोधायचं आणि टोकाच्या भोकातून आत घुसायचं. ते भोक इतकं अरुंद की पंख तिथेच तुटतात.

ती नर अंजिरात शिरली तर अंडी घालते. मादी अंजिरात शिरली तर फसते. तिथल्या फुलांच्या आतल्या दांड्या (कुक्षीवृंत) इतक्या लांब असतात की तिची अंडी घालायची नळी तळापर्यंत पोचत नाही. ती फुलाफुलावर प्रयत्न करत फिरते, पराग लागत जातो, आणि ती आतच मरते. अंजीर मात्र धरतं.

हे लागू होतं ते स्मर्ना जातीच्या अंजिराला. तुर्कस्तानात आयदिनकडे जूनमध्ये शेतकरी नर अंजिरांच्या माळा करून बागेत मादी झाडांना टांगतात. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीकांनाही ही रीत माहीत होती. अमेरिकेत कॅलिफोर्नियात स्मर्नाची झाडं नेली तर फळं धरेनात, नुसती गळून जायची. १८९९ मध्ये ही माशी नेऊन सोडली तेव्हा बागा धरल्या.

तुमचं पुरंदरचं अंजीर त्या जातीचं नाही. ते परागाशिवाय धरतं. माशी लागत नाही आणि तुमच्याकडे ती नाहीही. गिऱ्हाइकाला बिनधास्त सांगा. उंबराची गोष्ट निराळी, त्याला त्याची स्वतःची माशी आहे, आणि तुमची केंबरं म्हणजे तीच मंडळी.

---

सासवडकर | १५ जुलै, रात्री ९:२०

ताई, लई उपकार झाले. छापून बागेच्या शेडमध्ये लावतो. उंबर फोडून केंबरं काढू नये म्हणतात, पण आज पोरांना घेऊन फोडून दाखवणार. ती माशी आतच प्रयत्न करत मरते हे वाचून वाईट वाटलं मात्र.

---

कोशिंबीरप्रेमी | १७ जुलै, सायंकाळी ६:४०

धाग्यात थोडी भीतीदायक भर. मी फ्रान्सच्या दक्षिणेत, प्रोव्हान्सात राहतो. इथे पाइनच्या शेंड्यांवर हिवाळ्यात पांढऱ्या रेशमाचे फुगे दिसतात. मला कुणी सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीत कुत्र्याला फिरवताना रस्त्यावर एकामागे एक चिकटून चाललेली अळ्यांची दीड मीटर रांग दिसली. मी फोटो काढेपर्यंत कुत्र्याने हुंगलं, जीभ लावली. तासाभरात जीभ सुजून जांभळी. जनावरांच्या डॉक्टरांनी वाचवला, पण जिभेचं टोक गेलं. ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांनी या महिन्यांत पाइनखाली पट्टा सोडू नये, हात जोडून सांगतो. लहान मुलांनाही जवळ जाऊ देऊ नये.

---

ऑलिव्हखाली | १८ जुलै, सकाळी ८:५०

बिचारा. आता बरा आहे ना?

त्या पाइन प्रोसेशनरी नावाच्या पतंगाच्या अळ्या, वारकऱ्यांसारख्या रांगेने चालणाऱ्या. त्यांचे विषारी केस सुटून हवेतही उडतात, म्हणून मेलेल्या अळीला किंवा रिकाम्या घरट्यालाही हात लावायचा नाही. काठीने पाडायचं नाही, जाळायचंही नाही.

पण बघा, इथेही वर्ष उलटंच आहे. अळ्या थंडीत वाढतात. घरटं सूर्याकडे तोंड करून बांधतात, दिवसा त्यात ऊब साठते, आणि रात्री बाहेर पडून पाइनच्या सुया खातात. उन्हाळ्याआधी रांगेने उतरून जमिनीत शिरतात आणि कोष करतात. हिवाळे सौम्य होत चाललेत तशी ही जात उत्तरेला सरकत पॅरिसच्या भागापर्यंत गेलीय. शत्रू आहेत त्यांना, हुदहुद म्हणजे आपला हुप्प्या चोचीने जमीन उकरून कोष काढतो.

तुमच्याच प्रोव्हान्सात कीटकांचे अभ्यासक झां-आंरी फाब्र यांनी १८९६ च्या जानेवारीअखेरीस या अळ्यांची रांग एका मोठ्या कुंडीच्या काठावर चढवून वर्तुळ पुरं केलं होतं. पुढची अळी नाही, मागची नाही. त्या सात दिवस गोल फिरत राहिल्या, थंडीत आखडल्या, पुन्हा चालल्या. अन्न वीतभर अंतरावर होतं.

---

पाणकणीस | १८ जुलै, दुपारी २:१५

कीटकांवरून शब्दाची एक गोष्ट. किरमिजी रंग म्हणतो ना आपण? तो तुमच्या त्या मुलखातल्या किड्याचा रंग. केर्मेस ओक नावाच्या काटेरी बुटक्या ओकावर वाटाण्याएवढे गोल, न हलणारे मादी किडे असतात. वसंताच्या शेवटी नखाने खरवडून काढायचे, वाळवायचे, आणि त्यात लोकर रंगवायची. युरोपातले राजे आणि कार्डिनल हेच लाल कापड घालायचे. मेक्सिकोतून दुसरा लाल किडा आला तेव्हा सोळाव्या शतकानंतर हा धंदा बसला. अरबी किर्मिझ, स्पॅनिश कार्मेसी, इंग्रजी क्रिमझन आणि आपलं किरमिजी सगळे सख्खे, आणि मूळ आपल्या 'कृमि'शी जोडतात.

---

गवतफूल | २० जुलै, रात्री ८:३०

एक शंका. या भागात हजारो वर्षं शेळ्या-मेंढ्या चरल्या, जंगलं जळली. मग आता गावं ओस पडून रान परत वाढतंय म्हणतात, ते फुलपाखरांना चांगलंच ना?

---

ऑलिव्हखाली | २१ जुलै, सकाळी १०:४०

मलाही तसंच वाटायचं. उलट आहे. मेंढपाळ गेले, कुरणं पडीक पडली, आधी झुडूप आणि मग पाइनचं दाट रान आलं. खाली ऊन नाही, फुलं नाहीत, बारीक गवत नाही. कातालोनियातल्या नोंदींत उघड्या गवताळ जागेच्या फुलपाखरांची घसरण सगळ्यांत ठळक आहे, आणि कुरणं मिटणं हे तिचं मोठं कारण. माझ्या वाटेचा एक तुकडा माझ्या डोळ्यांदेखत मिटला. तिथल्या निळ्या चिमुकल्यांचा आकडा दरवर्षी खाली येत शून्यावर आला. ते शून्य लिहिताना मला रडू आलं होतं.

---

गवतफूल | २१ जुलै, दुपारी १:०५

अगदी आमच्या माळासारखं! धनगरांची मेंढरं चरायची तो माळ 'पडीक' ठरवून तिथे रांगेत झाडं लावली. लोकांनी कौतुकाने फोटो काढले. माळावरची गवतं, त्यातली फुलपाखरं आणि माळटिटवी कुणी मोजलीच नव्हती, मग गेली हे तरी कुणाला कळणार? या पावसाळ्यापासून मीही एक वाट धरते आणि दर आठवड्याला मोजते. कशी आखायची ते व्यक्तिगत निरोपात सांगाल का?

---

ऑलिव्हखाली | २१ जुलै, दुपारी १:२०

आनंदाने! आजच लिहिते.

---

नीरजा०७ | २ ऑगस्ट, रात्री १०:००

अजून एक प्रश्न. पेंटेड लेडी (हेही फुलपाखरूच) तुमच्याकडे उन्हाळ्यात दिसतच नाही, ती पण झोपते का?

---

ऑलिव्हखाली | ३ ऑगस्ट, सकाळी ९:१५

नाही, ती निघून जाते. वसंतात आफ्रिकेतून येते, इथल्या काटेरी झुडपांवर एक पिढी वाढवते, आणि इथलं रान वाळायच्या आत ती पिढी उत्तरेकडे जाते. पार स्कँडिनेव्हियापर्यंत. परतीचा प्रवास शरदात, त्यांची नातवंडं-पतवंडं करतात, सहारा ओलांडून. पूर्ण फेरी १२,००० किलोमीटरहून अधिक. परतताना ती इतक्या उंचावरून जातात की जमिनीवरून दिसत नाहीत. इंग्लंडात रडारने ती टिपली तेव्हा कळलं. ऑक्टोबर २०१३ मध्ये काही तर फ्रेंच गयानाच्या किनाऱ्यावर सापडली, पंख फाटलेले. आफ्रिकेतून निघून अटलांटिक ओलांडून, किमान ४,२०० किलोमीटर. अंगावरच्या परागकणांवरून ते २०२४ मध्ये सिद्ध झालं.

तुमच्याकडे महाराष्ट्रातही हीच जात आहे. पावसाळा सरल्यावर माळावर बघा.

---

सासवडकर | ११ ऑगस्ट, रात्री ९:५०

ताई, उंबर फोडला. पोरांनी भिंग आणलं होतं. बिनपंखी नर दिसले. धाकट्याने विचारलं, यांना बाहेर सोडू का. मी म्हटलं, नको, त्यांचं घर तेच. गिऱ्हाईकही परत आलं.

---

ऑलिव्हखाली | १९ सप्टेंबर, सायंकाळी ७:३०

काल रात्री इथे पहिला पाऊस झाला. सकाळी वाटेवर गेले तर मातीला वास. होल्म ओकखालचा पाचोळा ओला आणि रिकामा. माद्या उघड्यावर आल्या होत्या. १४ मोजल्या, सगळ्यांचे पंख कडेने झिजलेले, एकीचा मागचा पंख अर्धाच. ती वाळल्या गवतात खाली खाली चालत गेली, पोट वाकवलं आणि एका काडीला एक अंडं चिकटवलं. हिरवं गवत अजून कुठेच नाही. फोटो हलला आहे, तरी टाकते.